इन्फ्ल्यूएंझा महासाथ : लोकज्ञान व अभिवृत्ती यांचे सर्वेक्षण

इन्फ्ल्यूएंझाच्या जगभर पसरणाऱ्या साथीविषयी सामान्य लोकांना काय ठाऊक आहे, त्या रोगाबद्दल व प्रतिबंधक उपायांबद्दल त्यांना काय वाटते आणि प्रत्यक्षात ते कसे वागतात, हे निवडक नमुन्यातील व्यक्तींना ठराविक प्रश्न विचारून अजमावण्याची पद्धती. सार्वजनिक आरोग्यशास्त्र, सांख्यिकी, समाजशास्त्र व मानसशास्त्र या चारही शास्त्रांचा तीत उपयोग केला जातो. ज्ञान, अभिवृत्ती (एखाद्या गोष्टीकडे अनुकूल वा प्रतिकूल दृष्टीने पाहण्याचा मनाचा बऱ्यापैकी स्थिर कल) व आचरण या तीन अंगांची एकत्र पाहणी करण्यात येत असल्यामुळे अशा सर्वेक्षणास ‘ज्ञान-अभिवृत्ती-आचरण सर्वेक्षण’ असेही म्हणतात.

इन्फ्ल्यूएंझाचा व्हायरस (विषाणू) वारंवार रूप बदलतो. साधारणपणे दरवर्षी होणारे बदल लहान असतात आणि त्यांतून हंगामी साथी उद्‌भवतात. क्वचित मात्र असा नवा प्रकार निर्माण होतो, की ज्याच्याविरुद्ध बहुसंख्य लोकांच्या शरीरात प्रतिकारक्षमता नसते. अशा वेळी महासाथ येते. १९१८, १९५७, १९६८ व २००९ या वर्षी अशा महासाथी आल्या. नव्या प्रकारावरील लस तयार होऊन पुरेशा प्रमाणात उपलब्ध होण्यास काही महिने लागतात. तोपर्यंत आजाऱ्याने घरी थांबणे, खोकताना तोंड झाकणे, हात धुणे, गर्दी टाळणे एवढेच उपाय समाजाच्या हाती असतात आणि ते सर्वस्वी लोकांच्या वागण्यावर अवलंबून असतात. लस आल्यानंतरही ती घ्यावयाची की नाही हे शेवटी माणूसच ठरवितो. त्यामुळे रोगाच्या जंतूइतकेच लोकांचे मन जाणून घेणे हे साथनियंत्रणाचे अंग ठरते. [⟶ इन्फ्ल्यूएंझा].

ऐतिहासिक आढावा : साथीच्या काळात लोकांचे मत विचारात न घेतल्याने काय होते, याचे महाराष्ट्रातील ठळक उदाहरण १८९७ सालच्या पुण्यातील प्लेगचे आहे. घरोघर लष्करी सैनिकांकरवी घेतलेल्या झडत्या, रोग्यांना सक्तीने हलविणे व घरातील चीजवस्तूंची नासधूस यांमुळे लोकांत तीव्र संताप निर्माण झाला. प्लेग समितीचे अध्यक्ष रँड यांच्यावर २२ जून १८९७ रोजी गोळ्या झाडण्यात आल्या व ३ जुलै रोजी त्यांचा मृत्यू झाला. लोकांना नेमके काय खुपते, हे पद्धतशीरपणे विचारण्याचे साधन त्या काळी नव्हते. वृत्तपत्रे, अर्ज व सभा यांतून जे कानी येई, तेवढेच.

१९१८ च्या महासाथीतही हेच घडले. जून १९१८ मध्ये मुंबई बंदरात रोगाचा प्रादुर्भाव झाला आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमधील दुसऱ्या लाटेने भीषण रूप धारण केले. महाराष्ट्रात हा रोग ‘मानमोडी’ या नावाने ओळखला गेला. भारतात त्या साथीत सुमारे १ कोटी २० लाख ते १ कोटी ८० लाख माणसे मरण पावली, असे निरनिराळे अंदाज आहेत. आरोग्याधिकाऱ्यांच्या अहवालांत मृत्यूंचे आकडे, पर्जन्यमान, धान्याचे भाव यांच्या नोंदी आढळतात. परंतु खेड्यातील माणसाला हा रोग कशामुळे होतो असे वाटत होते, तो कोणाकडे औषध मागत होता, सरकारी सूचना त्याच्यापर्यंत पोहोचल्या होत्या किंवा काय, यांविषयी मोजून घेतलेली माहिती उपलब्ध नाही. एवढ्या मोठ्या आपत्तीतून गेलेल्या समाजाचा अनुभव बव्हंशी आठवणी व आख्यायिका यांच्या रूपानेच उरला.

नमुना पाहणीचे तंत्र विकसित झाल्यानंतर ही उणीव भरून काढणे शक्य झाले. १९३२ मध्ये अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रेन्सिस लायकर्ट यांनी अभिवृत्तिमापनाची सोपी श्रेणी सुचविली. १९३५ मध्ये जॉर्ज गॅलप यांनी अमेरिकेत जनमत चाचणीची संस्था स्थापन केली. भारतात प्रशांतचंद्र महालनोबीस यांच्या प्रेरणेने १९५० मध्ये राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या वतीने वि. म. दांडेकर व कुमुदिनी दांडेकर यांनी पुणे जिल्ह्यातील जनन व मर्त्यता यांची केलेली पाहणी १९५३ मध्ये प्रसिद्ध झाली. १९५१-५२ मध्ये म्हैसूर राज्यात झालेल्या लोकसंख्या-अभ्यासात कुटुंबनियोजनाविषयीच्या लोकांच्या मतांचाही समावेश होता. ज्ञान, अभिवृत्ती व आचरण एकत्र मोजण्याची पद्धत प्रथम कुटुंबनियोजनाच्या क्षेत्रातच रूढ झाली व तेथून ती अन्य आरोग्यविषयांत आली.

१९५० नंतरच्या दशकात अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेतील गॉडफ्री हॉखबाउम, आयर्विन रॉझेनस्टॉक प्रभृती सामाजिक मानसशास्त्रज्ञांपुढे एक व्यावहारिक प्रश्न उभा राहिला : क्षयरोगाच्या निदानासाठी क्ष-किरण तपासणी उपलब्ध असूनही लोक तपासणीस का येत नाहीत? या प्रश्नाच्या अभ्यासातून ‘आरोग्यश्रद्धा प्रतिमान’ तयार झाले. आपणास रोग होण्याचा संभव आहे असे वाटणे, रोग गंभीर आहे असे वाटणे, उपाय लाभदायक वाटणे व उपायातील अडचणी कमी वाटणे, या चार गोष्टींवर माणसाची कृती अवलंबून असते, असे हे प्रतिमान सांगते. १९५७ च्या महासाथीच्या वेळी याच गटाने अमेरिकेतील पाच शहरांत लोकांची पाहणी केली व तिचा अहवाल १९६० मध्ये प्रसिद्ध झाला. इन्फ्ल्यूएंझाच्या महासाथीविषयी लोकमानसाची शास्त्रीय पाहणी करण्याच्या आरंभीच्या प्रयत्नांत तिची गणना होते.

२००३ मध्ये सार्स या श्वसनरोगाच्या साथीत हाँगकाँगमधील संशोधकांनी साथीच्या १० व्या दिवसापासून ६२ व्या दिवसापर्यंत दूरध्वनीवरून पुनःपुन्हा पाहण्या केल्या. साथ संपण्याची वाट न पाहता ती चालू असतानाच लोकांची भीती व वर्तन यांचा चढउतार टिपण्याची ही पद्धत पुढे २००९ च्या इन्फ्ल्यूएंझा साथीत अनेक देशांनी स्वीकारली.

मापनाचे विषय : ज्ञान या अंगात रोगाचे कारण, प्रसाराचा मार्ग, लक्षणे, अधिक धोका असलेले लोक व उपाय यांसंबंधीचे प्रश्न येतात. उदा., रोगी खोकल्याने व शिंकल्याने उडणाऱ्या सूक्ष्म थेंबांतून रोग पसरतो. लक्षणे दिसण्यापूर्वी साधारण एक दिवस आधीपासून रोगी संसर्ग देऊ शकतो. प्रतिजैविक औषधे व्हायरसवर निरुपयोगी असतात, ही माहिती कितपत पोहोचली आहे ते पाहिले जाते. बरोबर माहितीइतकेच गैरसमज मोजणेही आवश्यक असते. २००९ मध्ये रोगास ‘स्वाइन फ्लू’ हे नाव मिळाल्यामुळे डुकराचे मांस खाल्ल्याने तो होतो, असा समज अनेक देशांत पसरला. वस्तुतः तो माणसाकडून माणसाला होत होता. तरीही ईजिप्तमध्ये सुमारे ३ लाख डुकरे मारण्याचा आदेश निघाला. कैरो शहरातील कचरा गोळा करून त्यावर डुकरे पोसणाऱ्या कुटुंबांची उपजीविका त्यामुळे बुडाली आणि रस्त्यांवर कचऱ्याचे ढीग साचले. रोगाच्या नावातून निर्माण होणारा गैरसमज किती महाग पडू शकतो, हे यावरून दिसते.

अभिवृत्ती या अंगात धोक्याची जाणीव, चिंता, लसीच्या सुरक्षिततेविषयीचे मत, शासन व डॉक्टर यांवरील विश्वास, तसेच रोग्याविषयीची घृणा अथवा सहानुभूती यांचा समावेश होतो. आचरणात हात धुणे, मुखपट्टी वापरणे, प्रवास टाळणे, आजारपणात कामावर न जाणे व लस घेणे या गोष्टी येतात. येथे इच्छा व कृती यांत फरक करणे अगत्याचे असते. आजारी असताना घरी राहावे हे ज्याला पटते, त्यालाही रोजची मजुरी बुडविणे परवडेलच असे नाही. म्हणून चांगल्या प्रश्नावलीत घरातील माणसांची संख्या, खोल्या, पाण्याची सोय व बिनपगारी रजेचा प्रश्न यांची चौकशी अवश्य असते.

प्रश्नावली : प्रश्न सोपे, एकार्थी व तटस्थ असावे लागतात. ‘शासन देत असलेली मोफत लस आपण घ्याल ना?’ या प्रश्नात उत्तर आधीच सुचविलेले आहे. ‘हात धुणे व मुखपट्टी वापरणे आपणास उपयुक्त वाटते काय?’ या प्रश्नात दोन प्रश्न एकत्र आले असून ‘होय’ या उत्तराचा निश्चित अर्थ लावता येत नाही. ‘माहीत नाही’ हा पर्याय ठेवला नाही, तर उत्तरदाता अंदाजाने काही तरी सांगतो व ते ज्ञान म्हणून नोंदले जाते. प्रत्येक विधानास होकार देण्याची काहींची सवय असते. ती ओळखण्यासाठी यादीत एखादे चुकीचे लक्षण मुद्दाम घालतात. अभिवृत्तीसाठी ‘पूर्णपणे मान्य’ ते ‘पूर्णपणे अमान्य’ अशी पाच पायऱ्यांची लायकर्ट श्रेणी सामान्यतः वापरतात.

लोकांच्या बोलीतील शब्द व वैद्यकातील संज्ञा यांत अंतर असते. मराठीत ‘फ्लू’ हा शब्द साध्या सर्दी-पडशापासून अंगदुखीच्या तापापर्यंत कशालाही लावला जातो. ‘फ्लू झाला होता काय?’ असे विचारण्यापेक्षा ‘गेल्या दोन आठवड्यांत ताप व खोकला एकाच वेळी आला होता काय?’ असे विचारणे अधिक उचित होय. खेड्यापाड्यांत कोणत्याही इंजेक्शनास ‘सुई’ म्हणतात. त्यामुळे ‘सुई घेतली’ या उत्तरावरून लस घेतली असा निष्कर्ष काढता येत नाही. उलटपक्षी, भारतात जुलै २०१० मध्ये पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने नाकावाटे देण्याची लस उपलब्ध केली. ती घेतलेल्या माणसाला सुईविषयी विचारल्यास तो ‘नाही’ असेच सांगेल. प्रश्नावली दुसऱ्या भाषेतून आणलेली असल्यास तिचे मराठी रूप वेगळ्या व्यक्तीकडून मूळ भाषेत परत उतरवून घेतात व दोन्हींची तुलना करतात. त्यानंतर २०-३० व्यक्तींवर तिची पूर्वचाचणी घेतात.

प्रश्नावलीच्या दोन कसोट्या आहेत. त्याच व्यक्तीला थोड्या दिवसांनी तेच विचारले असता जवळपास तेच उत्तर यावे, ही विश्वसनीयता. आणि जे मोजावयाचे तेच मोजले जावे, ही यथार्थता. साथीच्या काळात मत खरोखरच झपाट्याने बदलत असल्यामुळे पहिली कसोटी लावताना विशेष काळजी घ्यावी लागते.

नमुना निवड : सर्व लोकसंख्येची पाहणी अशक्य असल्यामुळे थोड्या व्यक्ती निवडून त्यांवरून सर्वांविषयी अनुमान काढतात. हे अनुमान योग्य ठरण्यासाठी लोकसंख्येतील प्रत्येक व्यक्तीची निवड होण्याची संभाव्यता शून्याहून अधिक व ज्ञात असली पाहिजे. दवाखान्यात आलेले रोगी अथवा महाविद्यालयातील विद्यार्थी सहज मिळतात. परंतु त्यांवरून संपूर्ण शहराविषयी विधान करता येत नाही.

नमुन्याचा आकार इष्ट अचूकतेवर अवलंबून असतो. एखादी गोष्ट किती टक्के लोकांना ठाऊक आहे याची पूर्वकल्पना नसल्यास ते प्रमाण ५० टक्के धरतात, कारण त्या ठिकाणी अनिश्चितता सर्वाधिक असते. ९५ टक्के विश्वासपातळी व ५ टक्के त्रुटी मान्य केल्यास साध्या यादृच्छिक निवडीत सुमारे ३८५ व्यक्ती लागतात. प्रत्यक्षात संपूर्ण जिल्ह्याची एकत्रित नामावली सहसा वापरता येत नाही. म्हणून प्रथम गावे किंवा वस्त्या निवडून त्यांतील घरे घेतात. यास समूह नमुना म्हणतात. एकाच वस्तीतील लोकांची मते बरीच सारखी असल्याने अशा निवडीत अचूकता घटते. ती भरून काढण्यासाठी आकार दुप्पट धरल्यास ७७०, आणि दहा टक्के लोक उत्तर देणार नाहीत असे गृहीत धरल्यास सुमारे ८५६ व्यक्ती लागतात. तीस वस्त्यांतून प्रत्येकी २९ जण घेतल्यास ८७० चा नमुना होतो. निवडलेल्या घरातील कोणाला विचारावयाचे हेही मुलाखतकाराच्या मर्जीवर सोडत नाहीत. अन्यथा दुपारी घरी असणाऱ्यांचीच मते गोळा होतात.

नमुना जेवढा मोठा तेवढा निष्कर्ष अचूक, ही समजूत सर्वस्वी खरी नाही. १९३६ च्या अमेरिकन अध्यक्षीय निवडणुकीपूर्वी ‘लिटररी डायजेस्ट’ या नियतकालिकाने २० लाखांहून अधिक मतपत्रिका गोळा करूनही विजेता चुकीचा सांगितला. अलीकडचे उदाहरण कोव्हिड-१९ च्या साथीतील आहे. मे २०२१ मध्ये अमेरिकेत फेसबुकच्या माध्यमातून दर आठवड्यास सुमारे अडीच लाख लोकांची उत्तरे मिळविणाऱ्या पाहणीने लसीची पहिली मात्रा घेतलेल्या प्रौढांचे प्रमाण प्रत्यक्षाहून सुमारे १७ टक्के-अंकांनी जास्त दाखविले. त्याच काळात सुमारे एक हजार व्यक्तींच्या काळजीपूर्वक निवडलेल्या नमुन्याने वास्तवाच्या अधिक जवळचा अंदाज दिला. उत्तर देण्यास तयार असणारे लोक व लस घेण्यास तयार असणारे लोक बरेचसे तेच होते, हे या चुकीचे एक कारण होय. यादृच्छिक त्रुटी नमुना वाढविल्याने कमी होते. निवडीतील पक्षपात मात्र कमी होत नाही, उलट चुकीच्या आकड्याविषयीचा विश्वास तेवढा वाढतो.

माहिती गोळा करण्याच्या पद्धती : घरोघर जाऊन घेतलेली मुलाखत सर्वांत भरवशाची मानली जाते. तीत निरक्षर व्यक्तींचाही समावेश होतो आणि घरातील परिस्थिती पाहता येते. परंतु साथ चालू असताना मुलाखतकार व कुटुंब या दोघांनाही तीपासून धोका संभवतो. दूरध्वनीवरील पाहणी दोनतीन दिवसांत पुरी होते. तथापि ज्यांच्याकडे दूरध्वनी नाही ते तीतून वगळले जातात. भारतात २०१९–२१ मधील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार स्वतः वापरता येईल असा मोबाइल फोन असणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण सुमारे ५४ टक्के होते. केवळ दूरध्वनीवर विसंबलेल्या पाहणीत जवळजवळ निम्म्या स्त्रियांचा आवाज उमटणार नाही किंवा घरातील पुरुषाच्या तोंडून उमटेल. महाजालावरील पाहणी सर्वांत स्वस्त. पण तीत पक्षपाताचा धोका सर्वाधिक असतो. जर्मनीतील एर्फर्ट विद्यापीठाच्या पुढाकाराने मार्च २०२० मध्ये सुरू झालेल्या पाहणीत ठराविक काळाने नव्या नमुन्यास तेच प्रश्न विचारून लोकमताचा आलेख ठेवण्यात आला. तिच्या धर्तीवर अन्य देशांतही पाहण्या झाल्या.

ज्ञान व कृती यांतील अंतर : या क्षेत्रातील सर्वांत महत्त्वाचा निष्कर्ष असा, की माहिती असणे, इच्छा असणे व कृती करणे या तीन निरनिराळ्या पायऱ्या आहेत. फेब्रुवारी १९७६ मध्ये अमेरिकेतील फोर्ट डिक्स या लष्करी तळावर डुकरांतील इन्फ्ल्यूएंझाशी साम्य असलेला व्हायरस सैनिकांत आढळला. १९१८ ची पुनरावृत्ती होण्याच्या भीतीने राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी २४ मार्च रोजी सर्व नागरिकांना लस देण्याची योजना जाहीर केली. ऑगस्टअखेरीच्या गॅलप चाचणीत ९३ टक्के लोकांना योजनेची माहिती होती, पण लस घेण्याचा इरादा ५३ टक्के लोकांनीच व्यक्त केला. १ ऑक्टोबर रोजी लसीकरणास आरंभ झाला. थोड्याच दिवसांत पिट्सबर्ग येथे लस घेतलेल्या काही वृद्धांचा मृत्यू झाल्याची वार्ता पसरली. तिचा लसीशी संबंध सिद्ध झाला नाही, तरी लोक धास्तावले. पुढे गीयाँ-बारे संलक्षण या तंत्रिकाविकाराचे रुग्ण लस घेतलेल्यांत अधिक आढळल्याने १६ डिसेंबर रोजी योजना थांबविण्यात आली. तोवर ४ कोटींहून अधिक लोकांनी, म्हणजे लोकसंख्येच्या जवळजवळ एकपंचमांश भागाने, लस घेतली होती. अपेक्षित महासाथ आलीच नाही. योजना मध्येच थांबल्यामुळे या तिन्ही आकड्यांची सरळ तुलना करता येत नाही, हे खरे; तथापि प्रसिद्धीने माहिती पोहोचविता येते, विश्वास पोहोचविता येईलच असे नाही, हा त्यातील धडा स्पष्ट आहे.

२००९ मध्ये मेक्सिको व अमेरिका येथून पसरलेल्या एच१एन१ इन्फ्ल्यूएंझाच्या वेळी ब्रिटनमध्ये ८ ते १२ मे या काळात ९९७ प्रौढांची दूरध्वनीवरून पाहणी झाली. साथीमुळे हात अधिक वेळा धुणे यांसारखे सुचविलेले बदल ३७·८ टक्के लोकांनी केले होते. गर्दी, प्रवास वा कामाची जागा टाळणे यांसारखे वर्तन ४·९ टक्के लोकांत आढळले. रोग गंभीर आहे, शासकीय माहिती विश्वसनीय आहे व सुचविलेला उपाय परिणामकारक आहे असे वाटणाऱ्यांत वर्तनबदल अधिक दिसला. साथीचा बाऊ केला जात आहे असे वाटणाऱ्यांत तो कमी होता. म्हणजे केवळ भीती वाढविण्यापेक्षा उपायाविषयीची खात्री पटविणे अधिक उपयोगी ठरते.

त्याच महासाथीत लस घेणाऱ्यांचे प्रमाण फ्रान्समध्ये सुमारे ८ टक्के, तर स्वीडनमध्ये सुमारे ६० टक्के होते. दोन्ही देश संपन्न असून दोन्हींत लस उपलब्ध होती. पुढे स्वीडन व फिनलंडमध्ये वापरलेल्या लसीनंतर काही मुलांत व तरुणांत निद्राधीनता (नार्कोलेप्सी) हा विकार वाढल्याचे आढळले. ज्यांनी शासनावर विश्वास ठेवला, त्यांच्यापैकीच काहींना त्याची झळ पोहोचली. त्यामुळे लसीविषयी शंका घेणारा प्रत्येक उत्तरदाता अज्ञानी असतो असे गृहीत धरणे अशास्त्रीय होय. त्याच्या शंकेचे कारण विचारणे हाही सर्वेक्षणाचा भाग असला पाहिजे.

भारतात या साथीतील पहिला मृत्यू ३ ऑगस्ट २००९ रोजी पुणे येथे झाला. त्यानंतर थोड्याच दिवसांत शहरातील तपासणी केंद्रांपुढे रांगा लागल्या, मुखपट्ट्यांचा तुटवडा पडला व शाळा बंद ठेवण्यात आल्या. व्हायरस तोच होता. बदलली होती ती धोक्याची जाणीव. अशा शहरात जुलैअखेर घेतलेली पाहणी व ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात घेतलेली पाहणी यांचे निष्कर्ष सारखे येणे संभवत नाही. म्हणून अहवालात पाहणीच्या तारखा व त्या सुमारास घडलेल्या घटना यांची नोंद करणे आवश्यक मानतात.

मर्यादा व दोष : लोक जे करतात त्यापेक्षा जे करावयास हवे ते सांगण्याकडे त्यांचा कल असतो. २०१० मध्ये अमेरिकेत दूरध्वनीवर ९६ टक्के प्रौढांनी सार्वजनिक स्वच्छतागृह वापरल्यावर आपण हात धुतो असे सांगितले. त्याच वर्षी प्रत्यक्ष निरीक्षणात हे प्रमाण ८५ टक्के आढळले. पांढऱ्या कोटातील किंवा सरकारी ओळखपत्र लावलेल्या मुलाखतकारापुढे हा कल आणखी वाढतो. आपल्याकडे दारी आलेल्या पाहुण्यास न दुखविण्याच्या रीतीमुळेही गोड उत्तरे मिळतात. शक्य तेथे निरीक्षण, औषधविक्रीचे आकडे व लसीकरणाच्या नोंदी यांच्याशी उत्तरे पडताळून पाहणे हा यावरील उपाय होय.

दुसरा दोष कार्यकारणभावाविषयीचा आहे. एकाच वेळी घेतलेल्या पाहणीत ज्ञान व आचरण बरोबर आढळले, तरी ज्ञानामुळे आचरण घडले असे सिद्ध होत नाही. लस घेतल्यानंतर दवाखान्यातच ते ज्ञान मिळालेले असू शकते. तिसरा दोष उपगटांच्या तुलनेचा आहे. ८७० च्या नमुन्यात साठ वर्षांवरील स्त्रिया ५० च असतील, तर समूह निवडीचा परिणाम जमेस न धरताही त्यांच्याविषयीच्या टक्केवारीत सुमारे १४ टक्क्यांची त्रुटी संभवते. अशा आकड्यावर धोरण आखणे धोक्याचे असते. स्थलांतरित मजूर, रस्त्यावर राहणारे, वसतिगृहे व तुरुंग यांतील लोक कुटुंबाच्या यादीत येत नसल्याने बहुधा सुटतात. साथीत सर्वाधिक धोका मात्र त्यांतील अनेकांना असतो.

नैतिक बाजू : उत्तरदात्याची संमती घेणे, नाव व उत्तरे गुप्त राखणे आणि नकाराचा मान राखणे हे सर्वमान्य नियम आहेत. आजार असल्याचे उघड झाल्यास घराला फलक लागेल किंवा शेजारी वाळीत टाकतील, या भीतीने साथीच्या काळात लोक माहिती दडवितात. म्हणून पाहणीची माहिती सक्तीच्या कारवाईसाठी वापरली जाणार नाही, हे वचन पाळणे केवळ नीतीचेच नव्हे, तर अचूकतेचेही गमक ठरते. चुकीची समजूत आढळल्यास मुलाखत संपल्यावर योग्य माहिती देणे हे पाहणी करणाऱ्याचे कर्तव्य आहे. मुलाखतीच्या मध्येच ती दिल्यास पुढील उत्तरे बदलतात. मुळीच न दिल्यास, ज्याच्याकडून माहिती घेतली त्याला अज्ञानात ठेवल्यासारखे होते.

उपयोग : सर्वेक्षणावरून प्रसिद्धीचा मजकूर, भाषा व माध्यम ठरविता येते; कोणत्या भागात अफवा प्रबळ आहेत ते कळते; लसीची मागणी अंदाजिता येते; आणि उपाय न पाळण्याचे कारण अज्ञान, अविश्वास की दारिद्र्य, याचा उलगडा होतो. हा शेवटचा उपयोग सर्वांत मोलाचा होय, कारण या तीन कारणांवरील उपाय वेगवेगळे आहेत. अज्ञान असेल तर शिक्षण, अविश्वास असेल तर मोकळा संवाद व चुकांची कबुली, आणि दारिद्र्य असेल तर रजेचा पगार, पाणी व धान्य यांची तरतूद करावी लागते. भिंतीवर लावलेला तोच एक फलक तिन्हींवर इलाज होऊ शकत नाही. महासाथ आल्यानंतर प्रश्नावली तयार करण्यात मोलाचे दिवस जातात. म्हणून तपासून घेतलेली प्रश्नावली, प्रशिक्षित मुलाखतकार व नमुन्याचा आराखडा शांततेच्या काळातच सिद्ध ठेवावा आणि हंगामी इन्फ्ल्यूएंझाच्या दिवसांत तो वापरून पाहावा, असे या विषयातील तज्ञांचे मत आहे.